पाळणाघरातील काळी गोळी

सोलापुरातल्या त्या गिरणीच्या पाळणाघरात पाऊल टाकले की आधी वास भेटे: ओल्या दुपट्यांचा, उतू गेलेल्या दुधाचा, आयांच्या लुगड्यांना चिकटून आलेल्या कापसाचा. भिंतीपलीकडे माग धडधडत. ती धडधड फरशीतून तळपायांत चढे आणि पाळण्यांच्या दोऱ्यांत थरथरत राही. मुले मात्र निपचित झोपलेली असत. त्या शांततेचे कारण आयांच्या पदराच्या गाठीत असे: मोहरीएवढी काळी गोळी, अफूची. कामावर जाताना ती मुलाच्या जिभेवर ठेवली की सुटीच्या भोंग्यापर्यंत घोर नसे.

एकोणीसशे तीस साल उजाडण्याआधीची ही गोष्ट. मी तिथे नर्स होते, आणि आमच्या रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी अक्काला माझ्याबरोबर धाडले होते. अक्का मैंदर्गीची, विधवा, माझ्याहून मोठी. रुग्णालयात तीही नर्सच; आम्ही दोघी एकाच खोलीत राहत असू. पाठीच्या दुखण्यावर तिला मॉर्फियाची सुई मिळाली. दुखणे गेले, सुई राहिली. औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली तेव्हा तिने बाजारातून अफू आणली. आता तिला घरी पाठवणार होते, आणि घर म्हणजे दिराच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा. मी रदबदली केली. पाळणाघरात अफूला कागदावर तरी मनाई होती, म्हणून ती जागा डॉक्टरीणबाईंना निर्धोक वाटली.

"एकदा जरी घेतलीस, तर गाडीत बसवून देईन," त्या अक्काला म्हणाल्या.

अफू सुटण्याचे दिवस मी जवळून पाहिले. जांभयांमागून जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, आणि पायांत अशी कळ की ती भिंतीवर टाचा घाशी. मी करडईचे तेल कोमट करून तिच्या पोटऱ्या चोळी.

"हळू गं," ती कण्हताना म्हणे, "माझे पाय आहेत, पापडाचं पीठ नव्हे."

एके सकाळी मी चुलीवर दूध तापवत होते. एका आईने घाईघाईने तान्हे पोर अक्काच्या कडेवर दिले आणि तिच्या हातात काही कोंबले. "बाई, आज द्यायची इसरले बगा. तेवढी तुमीच द्या. न्हाईतर लई रडतंय."

अक्का माझ्यापाशी आली. चेहरा पांढराफटक, मूठ पुढे धरलेली.

"उघड," ती म्हणाली. "मला उघडता येत नाही."

मी एकेक बोट सोडवले. तळव्याच्या घामात गोळी विरू लागली होती. तिचा कडवट, उग्र वास आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहिला. मी ती चुलीकडे नेली.

"चुलीत नको!" अक्का ओरडली. "वास सुटेल. मग मी काय करू?"

मी गोळी मोरीत टाकली, वर पाणी ओतले, आणि तिचा तळवा राखेने घासला, रेषा लाल होईपर्यंत.

दुपारी ते पोर जांभया देऊ लागले. नाक वाहू लागले. पाय पोटाशी ओढून ते किंचाळले. अक्का त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच तेल कोमट केले, त्याला पायांवर घेतले आणि त्या इवल्या पोटऱ्या चोळू लागली. "रड बाळा, रड. मीही रडले," ती म्हणत होती. सारी दुपार ते रडले, आणि सारी दुपार तिचे हात थांबले नाहीत.

संध्याकाळी आई आली. रडून सुजलेले डोळे पाहून ती भडकली. "दिली न्हाय व्हय? मग माजी गोळी कुटं हाय? तुमीच खाल्ली काय?"

भोवतालच्या बाया हसल्या. अक्काची सवय रुग्णालयाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी म्हणून मी तोंड उघडले, तोच अक्का बोलली.

"खाल्ली नाही. पण खाल्ली असती. मला ती लागायची, आता सोडतेय. तुझ्या लेकरालाही आज तोच त्रास झाला. पुन्हा माझ्या हातात देऊ नकोस, हिच्याकडे दे."

हसू विरले. आई पोर उचलून गेली. ही गोष्ट आता गिरणीभर होणार आणि डॉक्टरीणबाईंच्या कानी पडणार, या धास्तीने रात्री मी ताट तसेच सारले. अक्का मात्र जेवली.

दुसऱ्या सकाळी तीच बाई आली. पदराची गाठ सोडून तिने गोळी पोराच्या जिभेऐवजी माझ्या तळहातावर ठेवली. ते पाहून मागून येणारीने आपली गोळी जवळ उभ्या अक्कापुढे धरली, तशी पहिलीने तिचा दंड धरला.

"त्यांच्या हातात नगं गं," ती हलकेच म्हणाली. "बाई बऱ्या होत्यात."