टेंडरमधलं पाणी

भावाने अमेरिकेहून आणलेल्या पहिल्या इंजिनाचा आवाज आठ महिन्यांत गेला, दुसऱ्याचा पाच महिन्यांत. तिसरं आलं तेव्हा मी वही घातली. ऑफिसात मी स्टोअर सांभाळते. नोंद नसेल तर मला ती गोष्ट घडल्यासारखी वाटत नाही. चार रकाने आखले: तारीख, किती वेळ चालवलं, आवाज, कारण. मागच्या पानांवर नेहमीप्रमाणे सणांच्या सामानाच्या याद्या.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मीटरगेजवर वाफेचं इंजिन चालवून रिटायर झाले. पुढे वाफेची इंजिनंच बंद झाली. त्याच सुमारास बाहेरचा माल आणायला मोकळीक आली आणि भाऊ दर खेपेला बॅगेत कपड्यांत गुंडाळून एक वीतभर इंजिन आणू लागला. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरी पुढच्या खोलीत प्लायवूडवर गोल रूळ बसवले. इंजिनाच्या मागे कोळसा-पाण्याचा डबा असतो, टेंडर. त्या छोट्या टेंडरच्या पोटात बोटाच्या पेराएवढी पट्टी होती, डिकोडर. खऱ्या इंजिनाचे आवाज तिच्यात भरलेले. बटण दाबलं की शिटी, मग वाफेचे हुंकार.

"शिटी परदेशी आहे," अप्पा पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "वाफ आपलीच."

तिसरा डिकोडर दहा महिने चालला. मी गौलीगुड्याहून स्टॅबिलायझर आणून बसवला होता, तरी गेला. भावाने तो कंपनीकडे परत पाठवला आणि फोन केला.

"ताई, ते म्हणतात आत ओलावा होता."

मी अप्पांना सांगितलं. "हैदराबादेत ओलावा?" ते म्हणाले. "नळाला एक दिवसाआड पाणी येतंय, सांग म्हणावं त्यांना." आम्ही हसलो. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कंपनीची टोलवाटोलवी. तरी त्यांनी नवा डिकोडर पाठवला. तो चौथा.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कोणी समोर आलं तरी नजर हलत नसे. एकदा सवयीने मी इंजिन चालवलं, शिटी वाजली, आणि त्यांचा डावा हात वर उठून खाली आला. शिटीची दोरी ओढावी तसा. डॉक्टर म्हणाले, रोज करा, एवढंच एक शिल्लक आहे. मी ऑफिसातून आल्यावर साडेपाचला करायची. वहीत पाचवा रकाना आखला: हात. आवाज ठीक, हात उचलला. आवाज ठीक, हात उचलला. चार महिने पानं तशीच भरली.

खंडेनवमीच्या आधी सामान आणायला वहीतली मागच्या वर्षीची यादी काढली. झेंडू, लिंबं, नारळ, हळद-कुंकू. पुढची पानं चाळली तर तिसरा डिकोडर बंद पडल्याची नोंद. यादीच्या तारखेनंतर सहा दिवस. भावाची जुनी पत्रं काढून पाहिली. आधीचे दोन्ही दसऱ्याच्याच पंधरवड्यात गेलेले.

अप्पांच्या रेल्वे शेडमध्ये खंडेनवमीला इंजिन धूत, समोर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढत, चाकांखाली लिंबं ठेवत, नारळ फोडत. आणि नारळाचं थोडं पाणी टेंडरमध्ये टाकत. पाण्यावाचून इंजिन हलत नाही, म्हणून पूजेचं पहिलं पाणी त्याला. अप्पा घरीही तेच करत, त्या वीतभर इंजिनाला, कोळशाच्या बारीक खड्यांवर तीन चमचे. वाटी माझ्याच हातात असायची.

त्या वर्षी मी पूजा कोरडी केली. कोरडं कुंकू, अक्षता, झेंडूच्या दोन पाकळ्या. अप्पांना खुर्चीत बसवून जवळ आणलं होतं. त्यांचा डावा हात निघाला आणि नारळाच्या पाण्याच्या वाटीशी येऊन थांबला. शिटी न वाजता तो हात उठला, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

"अप्पा, यंदा नको," मी म्हणाले. "पाण्यानेच बिघडतं ते. तिन्ही तसेच गेले."

हात तिथेच राहिला. मी वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली. परत आले तोवर हात मांडीवर होता.

साडेपाचला बटण दाबलं. शिटी स्वच्छ वाजली. हात उठला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा बारीक झटका येऊन गेला असेल, सांगता येत नाही. आठव्या दिवशी मी नारळ फोडला आणि वाटी त्यांच्या हाताशी धरली, बोटं पाण्याला लावली. त्यांनी पाहिलं नाही. ते पाणी मी तुळशीला घातलं.

रविवारी भावाचा फोन आला. "ताई, आवाज येतो ना?"

"येतो. हा पक्का निघाला."

"मग झालं तर. ओलावाच असणार, मी म्हणत नव्हतो?"

"हो," मी म्हणाले, आणि औषधांची यादी वाचून दाखवली.

अप्पा थंडीत गेले. डिकोडर अजून चालतो. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, इंजिन पुसून दहा मिनिटं चालवते. पडून राहिलं की अशा वस्तू खराब होतात. मागच्या वर्षी ती वही भरली. नवी घातली, तिच्यात रकाने चारच आखले.