आखाजीचा मुऱ्हाळी

दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वैशाखात चालण्याजोगी वेळ तेवढीच. मला तीन कोसांवरच्या खेड्यात, तिथल्या शाळेत मास्तर असलेल्या माझ्या मित्राकडे जायचं होतं. लग्नसराईमुळे टांगा मिळेना. मिळाला असता तरी मी बसलो नसतो. तासाला चार मैल चालणारा मास्तर म्हणून मी पुण्यात प्रसिद्ध आहे, आणि ही प्रसिद्धी बरीचशी मीच केलेली आहे.

पिशवीत एक वही होती. चालण्याचे शब्द गोळा करायचा नाद आम्हा दोघा मित्रांना लागला होता. रेंगाळणं, रखडणं, खुरडणं, फरफटणं, पाय ओढणं. हळू चालणाऱ्यांसाठी भाषेनं एवढी खटपट का करावी, हे मला कळत नसे.

मैलभरावर एक गाव लागलं. गावाबाहेर एक म्हातारा काठी टेकत चालला होता. नवं धोतर, डोक्याला लाल पागोटं, उजवा गुडघा काही वाकत नव्हता. लोक त्याला नाना म्हणत. तोही माझ्याच वाटेचा, त्याच खेड्याला जाणारा निघाला. उद्या आखाजी (अक्षय्य तृतीया). खानदेशात या सणाला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला मुऱ्हाळी जावा लागतो. नाना सत्तरीचा मुऱ्हाळी होता आणि त्याची सासुरवाशीण, थोरली बहीण अक्का, चौऱ्याहत्तरीची होती.

"मांगला साल मी आजारी व्हतू. पोऱ्याले धाडं," नाना म्हणाला. "अक्कानी त्याले जेवाडीसन माघारी धाडी दिधा. मना भाऊ येई, तव्हयच मी येसू, म्हने."

मी त्याच्या बरोबरीनं चालायचा प्रयत्न केला. पाचच मिनिटांत माझी चुळबुळ सुरू झाली. त्याच्या चालीला कुठला शब्द लावावा, हेही ठरेना. रेंगाळणाऱ्याला घाई नसते. याला तर पोचायची केवढी घाई होती.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढे," त्यानं मला मोकळं केलं. "अक्काले इतलंच सांगा, नाना येई ऱ्हायना. पायनं काही सांगू नका. तिले समजनं ते माले पुढला साल येऊ देवाव नही."

पायाबद्दल चकार शब्द काढणार नाही, असं मी वचन दिलं आणि सुटलो.

मित्राकडे चहा-अंघोळ उरकून नऊच्या आत मी अक्काच्या दारात होतो. कमरेत वाकलेली, पण डोळा लख्ख. तांब्या भरून, उंबऱ्याशी पाट मांडून ती बसली होती. बहिणीनं मुऱ्हाळ्याचे पाय दारातच धुवायचे, अशी त्यांच्या घरची रीत.

मी नानाचा निरोप दिला. "मना भाऊ कथा शे?"

"येताहेत मागून. चालत."

"कसा चाली ऱ्हायना?"

वहीभर शब्द जवळ असून मला एकही उच्चारता येईना. "सावकाश," मी म्हणालो.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "त्याना पाय नीट राहता, ते तो तुम्हना पुढे राहता."

घरातली माणसं गाडी घेऊन शेतावर गेली होती. ऊन तापायला लागलं होतं. तिनं काठी उचलली आणि निघाली. मीही मागोमाग निघालो. त्याला टाकून आल्याची आता मला चांगलीच लाज वाटत होती.

गावापासून दोन शेतं ओलांडल्यावर नाल्यापलीकडे लाल पागोटं दिसलं. नाना बांधावर बसला, दोन्ही हातांनी पाय उचलून सरळ केला, उठला आणि पुन्हा चालू लागला. अक्का बाभळीआड थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

"मी आठे दिखनू, ते तुम्ही सांगी दिधं हाई त्याले समजी जाई. मी घर जास. तुम्ही त्याले थांबाडी ठेवा."

मी गुपित फोडलं हे नानाला कळू नये आणि त्याच्याआधी दारात पोचावं, म्हणून ती बाभळींच्या आडोशानं माघारी खुरडत निघाली. मी नाल्यात उतरून नानाला गाठलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "नाना, माझे पाय भरून आलेत. जरा बसू या."

पुढच्या दोन शेतांत मी तीनदा बसलो. नानानं एकदाही कुरकुर केली नाही. दारात पोचलो तेव्हा अक्का उंबऱ्यात उभी होती. पदरानं घाम टिपत म्हणाली, "कितला येळ लागना रे नाना!" तिनं त्याचे पाय धुतले. तिचे स्वतःचे पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरले होते. नाना त्या पायांकडे बघत राहिला.

चार दिवसांनी परतताना नानाच्या गावी थांबलो. अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता आणि अक्का त्यावर थोरल्या मानानं बसली होती. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस इतका झाला की माझा वेग आपोआपच उतरला. नाना वेशीपर्यंत पोचवायला आला.

"मास्तर, त्या दिन तुम्हना पाय काही भरेल नव्हतात," तो हसला. "अक्का बाभूळना मांगून माघारी जाई ऱ्हायनी व्हती, मी तिले देखं. म्हनीसन मी बी हळूच चालनू."

पुण्यात हल्ली टेकडीवर जाताना मी मागे पडतो. माझ्यासोबत शेजारचे तात्या असतात. त्यांना दम लागतो. मंडळी वर पोचून हाका मारतात. मी खालूनच ओरडून सांगतो, माझे पाय भरून आलेत.

तात्या माझ्या पायांकडे बघतात आणि शेजारच्या दगडावर मला जागा करून देतात.