डब्याच्या झाकणावरचा लाल ठिपका

पोकुआने आम्पोफोला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो उखळात काहीतरी कुटत होता. सुआमेच्या मॅगझिनात, म्हणजे कुमासी शहरातल्या गाडी-दुरुस्तीच्या वस्तीत, भर सकाळी नऊ वाजता एखादा फिटर जेवणासाठी उकडलेल्या कंदांचे फूफू कुटत बसेल हे तिला पटेना. जवळ जाऊन वाकून बघते तर उखळात पामच्या बियांची कवचे. कुटून झाल्यावर त्याने ती पिठाच्या चाळणीने चाळली, चिमूट उचलून बोटांत चोळली आणि पुन्हा चाळली.

"मास्टर, हे कशाला?"

"तुमच्या इंजिनासाठी, मॅडम."

पोकुआने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

तिची गाडी परदेशातून आलेली, जुनी, पण देखणी. नवरा गेल्यापासून पोकुआचे पोट त्या गाडीवर चालत होते. रोज सकाळी चार नर्सना घेऊन ती माम्पाँगला जायची. तिथे नर्स घरोघर रोगी बघत हिंडायच्या आणि दारादारांत एसी लावून, इंजिन चालू ठेवून, पोकुआ वाट बघत बसायची. अलीकडे सकाळी गाडी थरथरत सुरू व्हायची आणि माम्पाँगच्या चढावर दम सोडायची. दोनदा तर चढावर बंदच पडली. थोरल्या नर्सने शांतपणे सांगितले होते, "पोकुआ, तिसऱ्यांदा असं झालं तर आम्ही दुसरी गाडी बघू हं."

वर्षापूर्वी रस्त्याकडेच्या एका फिटरने इंजिन उघडून व्हॉल्व्हवरचा कार्बन खरवडला होता आणि आता कटकट गेली म्हणून छातीवर हात मारला होता. वर्षात कटकट परत आली. तेव्हापासून पोकुआचे मत पक्के झाले होते, की फिटर घाण काढताना थोडी मागे ठेवतात, दह्याला विरजण ठेवावे तशी.

आम्पोफोच्या शेडशेजारी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकणारी अफ्रिये तिची बालमैत्रीण. तिने पानात गुंडाळलेले केंके पुढे करत हळूच सांगितले, "माणूस बरा आहे म्हणतात. पण त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, बघ. ज्याच्या घरी चूल नाही त्याच्या हातचं जेवशील का?"

मॅगझिनात बॉनेट उघडे टाकून मालकाने कुठे जायचे नसते. लोक घरून स्टूल आणतात आणि फिटरच्या हाताकडे बघत बसतात, कारण चांगला भाग कधी निघाला आणि जुना कधी बसला हे कळत नाही. पोकुआही स्टूल घेऊन आली होती. पण इथे एक वेगळेच दिसले. ती पाण्याची पिशवी आणायला उठली, तसे आम्पोफोने हत्यार खाली ठेवले आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"काय झालं?"

"तुम्ही उठलात. तुम्ही बसा, मग मी हात लावतो."

म्हणजे हा आपल्यावर संशय घेतोय? पोकुआला राग आला. ती बसली आणि त्याचे बारकाईने निरीक्षण करू लागली. साठीतला माणूस, डाव्या अंगठ्याला नख नाही, शर्टाची सगळी बटणे लावलेली. निघालेला प्रत्येक स्क्रू तो अंड्याच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवी.

हवेची वाट उघडल्यावर त्याने तिला टॉर्चने आत दाखवले. व्हॉल्व्हच्या पाठीवर करपलेल्या भातासारखी काळी ढेकळे.

"जुन्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जायचं. जाताजाता धुऊन काढायचं. तुमच्या गाडीत ते सरळ सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्हला थेंबही लागत नाही. इंजिनातल्या तेलाची वाफ मात्र याच वाटेने परत येते आणि तापल्या व्हॉल्व्हवर करपते."

"पण मी दर रविवारी टाकीत सफाईचं औषध ओतते ना."

"ते पेट्रोलबरोबर जातं. पेट्रोलच जिथे शिवत नाही, तिथे औषध काय करणार?"

पंपावरचा माणूस त्या औषधाची शपथ खात असे. दोघांपैकी एक खोटे बोलत होता, आणि पोकुआला वाटले, कदाचित दोघेही.

कवचांचा तो रवा त्याने हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारला. दुसऱ्या नळीने तो लगेच शोषला जाई. कवच कार्बनपेक्षा कठीण, पण लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही, असे त्याचे म्हणणे. एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले आहेत याची खात्री केल्याशिवाय तो नळी लावत नसे. दुपारपर्यंत आठही व्हॉल्व्ह राखाडी, लखलखीत झाले.

मग त्याने वाफेच्या नळीमध्ये एक डबा बसवला. जुन्या अग्निशामक नळकांड्याचा, आत भांडी घासायची स्टीलची जाळी, वर झाकण, खाली बोल्ट. "वाफ यातून जाईल, तेल इथे अडकेल. महिन्याला रिकामा करा. तेल वेळेवर बदला. आणि उभ्या गाडीत तासन्‌तास इंजिन चालू ठेवू नका."

"डब्यात काय आहे देव जाणे," अफ्रिये कुजबुजली. "तुझी गाडी सारखी त्याच्याच दारात यावी म्हणून काहीतरी घातलं असेल."

आम्पोफो साबणाने हात धूत होता. तेवढ्यात पोकुआने पर्समधून लाल नेलपॉलिश काढले, झाकणाच्या सांध्यावर एक ठिपका दिला आणि बोल्टवर दुसरा. कोणी उघडलेच तर रंग तुटणार.

महिन्याने, चर्चमधून आल्यावर, तिने आपल्या अंगणात ठिपके तपासले. शाबूत होते. बोल्ट काढला, तर पितळी पेल्यात अर्धा पेला कॉफीच्या रंगाचे, पेट्रोलच्या वासाचे तेल उतरले. हे सगळे व्हॉल्व्हवर करपले असते तर? पण लगेच मनात आले, झाकण लावण्याआधीच त्याने ओतून ठेवले नसेल कशावरून? तिने डबा धुतला, उन्हात कोरडा केला, स्वतःच्या हाताने बसवला आणि या वेळी गुलाबी रंगाचे ठिपके दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्धा पेला. आता संशय घ्यायला इंजिनाशिवाय कोणी उरले नाही.

सहा महिन्यांनी ती तपासणीला गेली आणि न सांगता स्टुलावर बसली. आम्पोफोने बॉनेट उघडले आणि डब्याकडे बघून म्हणाला, "रंग बदललात. आधी लाल होता."

पोकुआचे कान तापले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. वास येतो त्याला."

"मग बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही लाजून पुसून टाकलं असतं. मग माझ्या बाजूने साक्षीला काय राहिलं असतं?"

पंधरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याच्यावर चांगला भाग बदलल्याचा आळ घेतला होता. फिटरांच्या संघटनेच्या वडीलधाऱ्यांपुढे त्याने शपथ घेतली, पण शपथ काही दाखवता येत नाही. वर्षभर त्याच्या शेडकडे कोणी फिरकले नाही. तेव्हापासून मालक समोर बसल्याशिवाय तो गाडीला हात लावत नाही. हे त्याने स्क्रू ट्रेमध्ये ठेवता ठेवता, मान वर न करता सांगितले.

मग टॉर्च तिच्या हातात दिला. व्हॉल्व्हवर पातळ काळा थर होता, ढेकळे नव्हती.

"थांबलं नाही," तो म्हणाला. "मंदावलं. एवढंच होऊ शकतं. आज साफ करायची गरज नाही, वर्षभराने या."

काम नको म्हणणारा फिटर पोकुआने पाहिला नव्हता. क्षणभर तिला याचाही संशय आला. वाटेत उभी राहून तिने अफ्रियेला विचारलेसुद्धा. अफ्रिये म्हणाली, "आता केंकेसुद्धा उघडून बघ, आत केंकेच आहे ना."

दुसऱ्या दिवशी चार नर्सना घेऊन गाडी माम्पाँगचा चढ एका दमात चढली. मागे बसलेली थोरली नर्स झोपली होती, ती झोपेतच राहिली. पोकुआने त्या दिवसापासून दारात थांबताना इंजिन बंद करून काच खाली घ्यायला सुरुवात केली. घाम येतो, पण ती बंद करते.

आम्पोफोच्या शेडमधल्या फळीवर आता नेलपॉलिशच्या चार बाटल्या असतात. डबा बसवला की तो गिऱ्हाइकालाच रंग निवडायला लावतो. तो एकसष्ट वर्षांचा आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी सात वाजता, भाड्याच्या ट्रोट्रो व्हॅनमधून मॅगझिनच्या फाट्यावर उतरतो. स्वतःची गाडी त्याने अजून घेतलेली नाही.