स्वयंपाकघरातलं पाचारण

"तुला सवय असेल," असं म्हणून सिस्टरनी माझ्या हातात खराटा आणि फिनेलची बाटली दिली.

पाचारण शिबिर होतं. देव आपल्याला सिस्टर व्हायला बोलावतोय का, हे मुलींनी तीन दिवस प्रार्थना करून ओळखायचं. मी सतरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी संडास तुंबला. बाकीच्या दहा जणी बायबल घेऊन झाडाखाली बसल्या. मी संडासात.

सवय कशाची, हे विचारायची गरज नव्हती. आदल्या दिवशी सिस्टरनी प्रत्येकीला विचारलं होतं, आजोबा कुठले, काय करायचे. मी खरं सांगितलं. नगरकडचे. मांगवाड्यातले.

शेवटी सिस्टरनी एकेकीला आत बोलावलं. मला म्हणाल्या, "तुझं पाचारण सेवेचं आहे. आमच्या मठात ये. स्वयंपाकघरात मदत कर. पुढचं देव बघेल."

मला आनंद झाला. आज सांगायला लाज वाटते, पण झाला.

दोन वर्षं मठाच्या हॉस्टेलमधल्या पोरींसाठी पोळ्या लाटल्या. सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर. सिस्टर व्हायला आलेल्या मुलींना तिथं उमेदवार म्हणत. मीही स्वतःला तेच समजायचे. त्या टेबलावर जेवत. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी, जमिनीवर. आई भेटायला आली, तिनं ते पाहिलं. म्हणाली, "देवाचं बोलावणं हाय म्हनायचीस ना? चुलीपाशीच बोलावलं व्हय गं त्यानं?"

मी तिच्यावरच चिडले.

मग प्रवेशविधीचा दिवस आला. माझ्या शिबिरातल्या दोघी उमेदवारांना रीतसर मठात घेणार होते. मला वाटलं, आता मलाही. पांढरी साडी नेसले. रांगेत तिसरी उभी राहिले.

मठाच्या प्रमुख मदर माझ्याजवळ आल्या. "अगं, तू इथे काय करतेस? बिर्याणी कोण बघतंय?"

पाहुणे हसले. रांगेतल्या दोघीही.

"मदर, माझं नाव कधी येणार?"

"कसलं नाव? तू स्टाफ आहेस."

दोन वर्षं मला हा शब्द कुणी सांगितला नव्हता.

"मी बिर्याणी बघणार नाही," मी म्हणाले. पुढच्या बाकावर जाऊन बसले. पूर्ण मिस्सा बसले. भात करपल्याचा वास चर्चमध्ये आला, तरी उठले नाही. मग त्याच साडीत स्टॉपवर जाऊन घरी, पिंपरीला जायची बस धरली.

त्यातून काही झालं नाही. दुसऱ्या मठांत विचारलं, तर त्यांनी पहिल्या मठाचं शिफारसपत्र मागितलं. ते कधी आलं नाही. चौदा वर्षं महाळुंग्याच्या कंपनीत वायरी जोडतेय. आई गेली. पूर्वी प्रार्थनेला बसलं की आतून कुणीतरी हाक मारायचं. आता मी बसते आणि उठते. बास.

रविवारी चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण देते. यंदा फादर म्हणाले, "पाचारणाविषयी मुलींशी तू बोल. तुला अनुभव आहे." माझा अनुभव काय, ते त्यांनी विचारलं नाही.

मी बोलले. सगळं. दोघी-तिघी उठून गेल्या. स्नेहल थांबली. बारावीला आहे, बाप टेम्पो चालवतो, आजोबा आमच्याकडचेच.

"ताई, मला सिस्टर व्हायचंय. मला घेतील?"

"बहुतेक नाही घेणार."

ती रडली. मी तिला गप्प केलं नाही. खोटं बोलून गप्प करायला मला आता जमत नाही.

"मग जाऊ नको म्हणता?"

"जा. मी सोबत येते."

शनिवारची सुट्टी टाकलीय. मठात एकेकीला आत बोलावतात, त्या खोलीत मी तिच्या शेजारी बसणार. सिस्टरनी आजोबांचं विचारलं तर आधी त्यांना त्यांच्या आजोबांचं विचारणार. आणि कागदावर लिहून मागणार, ही पोरगी उमेदवार की स्वयंपाकीण. ते लिहून देतील असं मला वाटत नाही. नाही दिलं, तर तिला घेऊन परत येईन. पुढच्या वर्षी दुसरीला घेऊन जाईन, पुन्हा तेच विचारीन. नुसत्या तोंडी शब्दावर मी कुणाची पोर तिथं सोडणार नाही.