दादाने काढून घेतलेली किल्ली

आज परळच्या माझ्या गॅरेजात क्लच जळालेली एक गाडी आली. त्या वासाने इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं.

बाबांची जुनी टॅक्सी दादाने आणि मी लालबागला चाळीमागच्या शेडमध्ये सरळ रस्त्यावरच्या ड्रॅग रेससाठी तयार केली होती. दादाने पत्रा ठोकला, रंग दिला. इंजिन मी बांधलं, दोन कार्बोरेटर मी बसवले. सरावात त्याच्यापेक्षा माझी वेळ कायम कमी यायची, म्हणून रेसला मीच बसायचं ठरलं होतं.

रेसच्या सकाळी हेल्मेट घालून मी बसले, तर दादाने खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली.

"उतर. तुला काही झालं तर आईला काय सांगू?"

मी उतरले. तो बसला, सुटतानाच त्याने क्लच जाळला आणि माझी गाडी धूर सोडत तिथेच उभी राहिली. त्याला माझी काळजी वाटली असेल, असं समजून तेव्हा मी राग गिळला. पण सरावाला त्याने मला एकदाही अडवलं नव्हतं.

आज गॅरेजातूनच त्याला फोन लावला.

"दादा, त्या दिवशी तुला मी जिंकेन याची भीती होती ना?"

उत्तर ऐकल्याशिवाय मी फोन ठेवणार नव्हते.