सुई कंपनीतली स्टुलं

बसवनगुडीत तुमचं घराणं कधीपासून, असं कुणी विचारलं की तानूबाई म्हणायची, "देवळाच्या आधी की नंतर ते ठाऊक नाही, पण कंपनीच्या कितीतरी आधी!" कंपनी म्हणजे सुयांची. मालक सातासमुद्रापार, कारखाने चार-पाच देशांत, आणि बेंगळुरूच्या शेडमध्ये बायका दिवसभर उभ्यानं काळ्या कागदात सुया टोचायच्या. नवरा गेल्यापासून तानूबाई त्यातलीच एक. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपला हातात घेऊन घरी यावं लागायचं.

आता कंपनीला वाईट म्हणेल त्याची जीभ झडेल! दारातच पितळी पाटी होती, तिच्यावर कामगारांचे हक्क इंग्रजीत कोरलेले. त्यात बसण्याचाही हक्क होता. विलायतेहून तसा हुकूम आला तेव्हा बायकांसाठी चांगली सागवानी स्टुलं करवून घेतली होती, आणि ती झिजू नयेत म्हणून गोदामात कुलपात ठेवली होती. बडे साहेब पाहणीला आले की स्टुलं बाहेर यायची, बायका बसायच्या, साहेब खूश व्हायचे. मोटार फाटकाबाहेर पडली रे पडली की शिपाई विठोजी ओरडायचा, "एळ्री, एळ्री! उठा!" एरवी एकच स्टूल बाहेर निघायचं, त्या पितळी पाटीला चिंच लावून घासणाऱ्याला चढायला.

तानूबाईनं हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण त्या वर्षी तिची सून मथुरा, तीही तिथंच कामाला, सात महिन्यांची पोटुशी होती. आदल्या खेपेला उभ्या कामातच तिचं पोट दुखायला लागलं आणि मूल हाती लागलं नव्हतं. आता पुन्हा तिची कंबर धरायला लागली, तशी तानूबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती कामगार-कल्याण अधिकारी नरसिंहय्यांकडे गेली. भला माणूस, स्नानसंध्या चुकवायचा नाही.

"सार, एक स्टूल द्या. पोरीपुरतं."

"अक्का, एकीला दिलं की सगळ्या मागतील."

"सगळ्यांचा हक्क आहे ना, पाटीवर?"

"आहे ना! कोण नाही म्हणतो? हक्क आहे म्हणूनच जपून ठेवलाय. स्वल्प समजून घ्या."

दुर्योधनानं सुईच्या अग्रावर मावेल एवढी माती दिली नाही. इथं तर सुयांचे ढीग पडले होते, मग काय बोलायचं!

तेवढ्यात नवरात्र आलं, आणि नेमके आयुधपूजेच्या दिवशी बडे साहेब यायचे ठरले. सकाळीच स्टुलं बाहेर आली. मशिनांना केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, कोहळा आणला. तानूबाईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. मशिनाला बोट, सुयांच्या पेटीला बोट, आणि मग एकेका स्टुलाला बोट, वर एकेक झेंडू! नरसिंहय्यांनी डोळे वटारले. पण साहेब दारात उभे, आणि विचारू लागले की हे काय.

"बायकांना स्टुलं इतकी प्रिय आहेत, सर, की त्या पूजा करतात," नरसिंहय्या म्हणाले. साहेबांना गहिवर आला. त्यांनी फोटो काढायला सांगितला. मग नरसिंहय्यांनी स्वतः आरती ओवाळली, मशिनांना आणि स्टुलांना, हात जोडून.

साहेब गेले, विठोजी धावला. तानूबाई आडवी आली. "पूजेतलं आयुध आजच उचलतोस? घरादाराचा विचार कर, बाबा!" विठोजीनं जीभ चावली आणि उचललेलं स्टूल खाली ठेवलं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि नरसिंहय्या स्वतः आले. "झाली ना पूजा? आता आत ठेवा."

"सरी, ठीक आहे, सार. मग मशिनं पण आत ठेवा. एकाच आरतीतली आहेत. पुजलेलं आयुध हाती घेतलं नाही तर वर्षभर हात रिकामा राहतो, हे मी तुम्हाला सांगायचं?"

नरसिंहय्या घुटमळले. मग त्यांना सुचलं. "पण अक्का, पुजलेल्या वस्तूवर बसायचं? पाप नाही?"

तानूबाईनं खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर नरसिंहय्यांची सायकल होती, सीटवर गंध, हँडलला सुकलेला झेंडू. "तुम्ही आज चालत आलात, सार?"

सगळी शेड खदखदून हसली. नरसिंहय्या निघून गेले. "बैस गं," तानूबाई म्हणाली. मथुरा बसली आणि रडायलाच लागली. "रडतेस काय, सुया टोच!" म्हणत तानूबाईनं काळा कागद तिच्यापुढं सरकवला.

मथुराला मुलगी झाली, ठणठणीत. पुढच्या साली साहेब पुन्हा आले. फोटो विलायतेत फार गाजला होता म्हणे, आणि नरसिंहय्यांना बढतीही मिळाली होती. साहेबांनी तानूबाईला जवळ बोलावून विचारलं, की ही स्टुलं मिळाली कशी?

तानूबाईनं सगळं सांगितलं. मागितली ते, मिळाली नाहीत ते, आधीचं मूल गेलं ते, हळदकुंकू, सायकल, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. साहेब मान हलवत राहिले, मग अर्थ विचारायला नरसिंहय्यांकडे वळले.

"ती म्हणते, कंपनीनं दिली," नरसिंहय्यांनी इंग्रजीत सांगितलं.

तेवढं इंग्रजी इतक्या वर्षांत तानूबाईला कळत होतं. तिनं दोघांकडे एकदा पाहिलं, आपलं स्टूल ओढलं, आणि साहेब उभे असतानाच त्यावर बसली.