हलकं रीळ दाखवा

संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारते, "आज कोण आलं होतं?" धंदा कसा झाला हे ती विचारत नाही आणि मीही सांगत नाही. मग चहा होईपर्यंत मी तिला एखादं गिऱ्हाईक सांगतो. बावीस वर्षं हेच चाललंय. परवा ती वैतागून म्हणाली, "अहो, हे एकदाचं लिहून काढा. म्हणजे मला परत परत ऐकायला नको!"

म्हणून लिहितोय. हौस अशी काही राहिलेली नाही.

हैदराबादच्या कोठी भागात, पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला क्लिनिक. गळ, रॉड, लाइन आणि रीळ. रीळ म्हणजे रॉडला लावायची चरखी. हँडल फिरवलं की लाइन, म्हणजे गळाची दोरी, तिच्यावर गुंडाळली जाते. आम्ही मूळचे उदगीरकडचे शेतकरी. आजोबा हैदराबादला आले आणि इथलेच झाले. दुकान वडलांनी टाकलं. त्यांच्या वेळचे जहांगीरभाई अजून माझ्याकडे आहेत. आता त्यांना साठी लागलीय. रिळावर लाइन भरावी ती त्यांनीच.

जहांगीरभाईंचं एक ठाम मत आहे. "पाटीलसाब, ये लोगां मछली पकडने नै आते. बाताँ पकडने आते!"

०००

केदार नावाचा एक आयटीवाला पुण्याहून नवीन आला होता. मी मराठी बोलतो म्हटल्यावर खूश! "काका, तुमचं मराठी किती गोड आहे हो. थोडं हिंदीसारखं वाटतं, पण गोड आहे."

"काय दाखवू?" मी विचारलं.

त्याला तलावातल्या मासेमारीसाठी हलकं रीळ हवं होतं. मी म्हटलं, "दोन हजार नंबरचं घ्या, आठ पौंडाची नायलॉन लाइन भरून देतो. एवढं बास होतं."

"एक मिनिट," म्हणून त्याने मोबाइल काढला. त्यात तक्ता. सतरा रिळं! कुठलं किती ग्रॅमचं, कुणाला किती बेअरिंग, हँडलच्या एका फेऱ्यात किती लाइन आत येते, सगळं. मी नुसताच मान हलवत बसलो. असे तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी त्याने रीळ घेतलं. कुठलं? दोन हजार नंबरचं. लाइन? आठ पौंडाची नायलॉन.

चौथ्या शनिवारी परत दारात. मला वाटलं, काही बिघडलं.

"नाही नाही, एकदम मस्त आहे. काका, एक विचारायचं राहिलं. इथे मासे कुठे असतात?"

०००

पाटी जुनी झाली होती म्हणून मुलीने नवीन करून आणली. मुलगी इथेच शिकलेली, मराठी वाचताना अडखळते. तिने इंग्रजीत आणि तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : सर्व प्रकारचे रील्स मिळतील.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या दोन मुली आत आल्या. भिंतीवरचे रॉड बघितले, गळ बघितले, एकमेकींकडे बघितलं.

"अंकल, यहाँ सच्ची में रील्स बनाके देते क्या? मेरी अक्का की शादी है."

मी पाटीकडे बघितलं. जहांगीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी अदबीने म्हणाले, "बनाके देते बेटा. बस दुल्हन को पानी में उतरना पडता!"

०००

रेड्डीगारू, म्हणजे आपल्या भाषेत रेड्डीसाहेब, बँकेत मॅनेजर होते. बँकेतला माणूस एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांना नायलॉन नको होती. विणलेली लाइन हवी होती, जिला ब्रेड म्हणतात. पातळ असते, मजबूत असते, काही प्रश्न नाही. पण ती गुळगुळीत असते. रिळावर थेट गुंडाळली तर नुसती फिरत राहते. म्हणून खाली आधी थोडी नायलॉन भरावी लागते.

जहांगीरभाईंनी हे तीनदा सांगितलं.

"तुमको एक्स्ट्रा लाइन बेचनी है," रेड्डीगारू म्हणाले. "डायरेक्ट भरो."

डायरेक्ट भरली. पुढच्या सोमवारी साहेब बँकेत जायच्या आधी दुकानात हजर. चेहरा उतरलेला. चांगला चार-पाच किलोचा कटला मासा गळाला लागला होता. यांनी हँडल फिरवलं, फिरवलं, दहा मिनिटं फिरवलं. लाइन सगळी जागच्या जागी गोल गोल! मासा आपला आरामात निघून गेला.

"मैं घुमाता जा रहा, घुमाता जा रहा, कुछ आताइच नहीं!"

जहांगीरभाईंनी रीळ हातात घेतलं. "साब, मेरे घर में भी ऐसाच है," ते म्हणाले. "तीस साल से घुमारूँ."

०००

एक पहिलवान गडी लाइनीची परीक्षा घ्यायला लागला. तळहाताला दोन वेढे मारले आणि दिला झटका. लाइन शाबूत. तळहातातून रक्त.

जहांगीरभाई म्हणाले, "क्लिनिक बाजू में है. लाइन अच्छी है, पॅक करूँ?"

०००

तारनाक्याचे देशपांडेसाहेब रेल्वेतून रिटायर झाले. नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम केलेलं. रिटायर झाल्यावर काय करायचं, म्हणून मासेमारी. त्यांची लाइन दर आठवड्याला तुटायची, आणि दर आठवड्याला ते मला सुनवायला यायचे. एकदा मिसेस देशपांडेही सोबत होत्या. त्यांना कोठीत ब्लाउजपीस घ्यायचे होते.

मी रीळ हातात घेतलं. वरचा नॉब असा आवळलेला की मला हलवता येईना. हा नॉब म्हणजे ड्रॅग. मासा जोरात ओढायला लागला की लाइन थोडी थोडी सुटत जावी, यासाठी असतो.

"साहेब, हा इतका घट्ट का केलाय?"

"ब्रेक घट्टच पाहिजे. मी सदतीस वर्षं तेच शिकवलंय."

"पण साहेब, हा थांबवायचा ब्रेक नाही." मी हे रोज कुणाला ना कुणाला सांगतो. आता तोंडपाठ झालंय. "तो ओढत असला की आपण जरा सैल सोडायचं. जाऊ द्यायचं थोडं लांब. दमला की आपोआप जवळ येतो. तेव्हा हळूहळू गोळा करायचं. तुम्ही धरूनच ठेवलंत तर तुटणारच."

मिसेस देशपांडे मागे स्टुलावर बसल्या होत्या.

"हे ह्यांना कागदावर लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा दोन वर्षं घरी आलेला नाही."

देशपांडेसाहेबांनी नॉब अर्धा फेरा सैल केला. थोडा वेळ तसाच धरला. मग परत आवळला आणि म्हणाले, "किती वेळ लागेल अजून? ब्लाउजपीसचं दुकान बंद होईल."

०००

मुलीला एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, नामपल्लीला जुनं किराण्याचं दुकान. मुलगा आणि आमची मुलगी गच्चीत जाऊन बोलूनही आले, दोघंही हसत खाली आली. बायकोने माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे जमलं!

तेवढ्यात मुलाच्या वडलांनी विचारलं, "आपला व्यवसाय काय म्हणालात?"

"मासेमारीचं सामान. रॉड, रीळ वगैरे."

त्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. "आम्ही शुद्ध शाकाहारी."

"आम्हीपण," मी म्हटलं. "माझ्या घरात आजवर मासा आलेला नाही."

"पण तुमच्यामुळे लोक मारतात ना?"

बायको पटकन म्हणाली, "तसं काही नाही हो. ह्यांच्या गिऱ्हाइकांना कुठे काय मिळतं!"

कुणीच हसलं नाही. आठ दिवसांनी निरोप आला, मुलाचं दुसरीकडे जमतंय. मुलगी दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघायची नाही. त्या दोन दिवसांत मी दुकान विकायचा विचार केला होता, हे बायकोलाही माहीत नाही.

दोनेक महिन्यांनी दुपारी एक गृहस्थ आत आले. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "हलकं रीळ दाखवा. गाडीच्या डिकीत मावेल असं."

आवाज ओळखीचा वाटला. मी वर बघितलं. त्यांनीही वर बघितलं. तेच! मुलाचे वडील!

आता एवढं झाल्यावर माणसाने निघून जावं की नाही? ते गेले नाहीत. रीळ घेतलं, लाइन भरून घेतली, एक लहान रॉडही घेतला. जाताना म्हणाले, "पिशवी साधी द्या. दुकानाचं नाव नको."

मी साधी पिशवी दिली. घरी सांगितलं तेव्हा मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली.

०००

नरसिंगराव गणिताचे मास्तर होते. आता सत्तरीला आलेत. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला यायचे. "सबसे हलका रील दिखाओ." जहांगीरभाई काढून द्यायचे. मास्तर ते डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हाताने हँडल फिरवायचे. सावकाश. चार-पाच फेरे झाले की थांबायचे, "थँक्यू" म्हणायचे आणि निघून जायचे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

अशी माणसं मला नवीन नाहीत. इथे हातात घेऊन बघायचं आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवायचं. दिवसाला दोन-तीन तरी येतात. पण मास्तर तीन महिने येत होते. एका गुरुवारी सकाळपासून बोहनी नव्हती, माझं डोकं दुखत होतं, आणि ते आले. हँडलचा तिसरा फेरा चालू असताना मी म्हणालो, "मास्टरजी, लेना है तो लो. ये खेलने की चीज नहीं है."

ते थांबले. रीळ खाली ठेवायला गेले, पण उजवा हात हँडलवरून सुटेना. मग डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताचं एकेक बोट सोडवलं. "सॉरी," म्हणाले आणि गेले.

जहांगीरभाई दुपारपर्यंत माझ्याकडे पाठ करून लाइन भरत बसले. जेवणाचा डबा उघडल्यावर म्हणाले, "फालिज, लकवा हुआ था उनकू. बाजू के क्लिनिक में हात की कसरत कू आते. वहाँ रबर का गेंद देते दबाने कू. उनकू गेंद पसंद नै."

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

"आप पूछे नै."

पुढचे दोन गुरुवार मास्तर आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी मी ते रीळ काढलं. रिळाचं हँडल काढून दोन्ही बाजूंना लावता येतं. ज्या हातात जोर आहे त्या हाताने लोक रॉड धरतात आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवतात. मास्तरांच्या उजव्या हाताला कसरत हवी होती, म्हणून मी हँडल उजवीकडेच ठेवलं, रीळ डब्यात घातलं आणि क्लिनिकच्या पायऱ्यांशी जाऊन उभा राहिलो. साडेअकराला मास्तर बाहेर आले.

"ये घर ले जाओ," मी म्हटलं. "दुकान में धूल खा रहा."

त्यांनी डबा डाव्या हातात घेतला, काखेत धरला आणि मान हलवली.

त्यानंतर ते दिसले नाहीत. क्लिनिकमध्येही येत नव्हते. विचारायचा धीर मला झाला नाही, जहांगीरभाईंनाही झाला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा संपत आला.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी शटर वर करून आत वळलो तर मागे मास्तर. थोडे वाळलेले. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, झाकण उघडलं, रीळ बाहेर काढून माझ्यासमोर सरकवलं. मला वाटलं, परत करायला आलेत.

"हँडल निकालके बाएँ तरफ लगा दो," ते म्हणाले.

जहांगीरभाई आतून पुढे आले. "कायकू मास्टरजी? दाएँ तरफ तकलीफ होरी क्या?"

"नै," मास्तर म्हणाले. "दाएँ हात में रॉड पकडना है."